दुधावाचूनची वासरं

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत मी मरणाऱ्या वासरांच्या शोधात गेले होते. हे आधीच सांगून टाकते, कारण त्या भागात जाणारे लोक किल्ला, लेणी, गणपती नाहीतर भीमाशंकर बघून येतात. मला अजूनही कुणी शिवनेरी कसा आहे असं विचारलं, तर एसटीच्या खिडकीतून दिसला तेवढाच, असं उत्तर द्यावं लागतं.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. पशुवैद्यकाची पदवी घेऊन मी पुढचं शिकत होते. माझ्या अभ्यासाचा विषय होता लहान वासरांचं आतडं. आतड्याच्या आतल्या बाजूला मखमलीसारखी बारीक लव असते. ती लव आणि तिच्याखालचा पेशींचा एकच एक थर दर काही दिवसांनी झडतो आणि नवा येतो. नवा यायला प्रथिनं लागतात. वासराला ती दुधातून मिळतात. दूध तोडलं आणि नुसत्या पेजेवर ठेवलं, तर लव बुटकी होते, पेशींमधले सांधे सैल होतात, आणि जे शेणाबरोबर बाहेर पडायचं ते भिंत ओलांडून रक्तात शिरतं. मग हगवण लागते. हगवणीमुळे खाल्लेलं अंगी लागत नाही, आणि अंगी लागत नाही म्हणून भिंत आणखी खचते. प्रयोगशाळेत, मोजूनमापून खायला घातलेल्या प्राण्यांत आम्ही हे पाहिलं होतं. माझे मार्गदर्शक म्हणाले, "आता खऱ्या गोठ्यातलं आण." त्यात एक अडचण होती. जनावर मेलं की काही मिनिटांतच ती लव आपोआप विरघळायला लागते. म्हणजे वासरू जाताना मी तिथं हजर असायला हवं होतं.

नमुने टिकवायच्या फॉर्मॅलिनच्या बाटल्या, कात्र्या, सलाइन आणि दोन स्वेटर घेऊन पौषातल्या एका सकाळी मी पुण्याहून एसटीत बसले.

निमगाव सावा

माझी सोय किसनभाऊंकडे केली होती. ते सरकारी जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर होते, म्हणजे जखमा धुणं, पट्ट्या बांधणं, औषध पाजणं, बिथरलेलं जनावर धरणं ही कामं त्यांची. नुकतेच निवृत्त झाले होते. घराच्या दर्शनी भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरी, खाली टीव्ही, टीव्हीवर क्रोशाचा रुमाल. त्यांच्या बायकोने, काकूंनी, पहिल्याच दुपारी हुलग्याची शेंगोळी केली होती. आमच्या पुण्याच्या घरात हा पदार्थ कुणी ऐकलेला नव्हता. कढत, तिखट, लसणाचा वास. मी तीनदा वाढून घेतलं.

जेवण होतंय तोवर वस्तीवरून निरोप आला की एक वासरू गेलं. आम्ही किसनभाऊंच्या एम-एटी दुचाकीवर निघालो. वासरू गोठ्याबाहेर कांद्याच्या वाफ्याशेजारी पडलं होतं, ताठ झालेलं. सकाळीच गेलं असणार. नमुना निरुपयोगी होता, तरी हात बसावा म्हणून मी उघडायचं ठरवलं.

"भाऊ, जरा पाय धरता का?" मी म्हटलं.

ते जागचे हलले नाहीत. "बाई, जितं जनावर कुटलं बी सांगा, धरीन. मारकं म्हना, पिसाळल्यालं म्हना. मेल्यालं धरनार न्हाई."

मला वाटलं, त्यांना किळस येत असेल. मीच एका हाताने पाय दाबून दुसऱ्या हाताने कात्री चालवली. काम वेडंवाकडं झालं. ते पाठ करून उसाकडे बघत उभे राहिले.

परतताना गाडी चालवता चालवता, मान न वळवता त्यांनी सांगितलं. "छप्पन्न साली आमच्या बापानं दीक्षा घेतली. तवापासनं मेल्यालं ढोर वढायचं बंद. पयलं वरीस लई जड गेलं. आई दुसऱ्यांच्या रानात खुरपायची, आमी चार भावंडं तिच्या वाटंकडं डोळं लावून बसायचो. पन बापानं पुन्यांदा दोरीला हात लावला न्हाई. मी मंग जनावराच्याच दवाखान्यात लागलो. म्हनलं, जित्याची सेवा करीन. तीस वर्सं केली."

हे मला आधी कळायला हवं होतं. मी माफी मागितली. ते म्हणाले, "तुमाला काय ठावं, बाई," आणि गाडीचा वेग वाढवला.

पिंपळवंडी

दुसऱ्या दिवशी पिंपळवंडीत एका बागाईतदाराच्या घरी गेलो. चार जर्शी गाई, सिमेंटची दावण, पाण्याला मोटर. घरातल्या वहिनींनी आम्हाला ओसरीवर बसवलं आणि बशीत खरवस आणून दिला. वेलदोड्याचा, वर जायफळ किसलेला. गाय तीन दिवसांपूर्वी व्यायली होती.

तिचा गोऱ्हा कोपऱ्यात बांधलेला होता. गाईचा पहिला चीक वासराच्या आतड्याला जे देतो ते पुढे कशानेही मिळत नाही. हे मी पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं. तो चीक माझ्या बशीत होता. गोऱ्ह्यापुढे ज्वारीच्या पिठाच्या पातळ आंबिलीचं पातेलं होतं. तो पातेल्याकडे न बघता भिंतीची माती चाटत होता.

"वहिनी, ह्याला दूध पाजत नाही?"

"कालवड असती तर पाजलं असतं की," त्या म्हणाल्या. आवाजात खोट नव्हती. "गोऱ्हा मोठा करून काय करू? बैलाचं काम ट्रॅक्टर करतो. आमची पोरं सुदिक कोरा चहा पित्यात, बाई. समदं दूध डेरीला. तिथनं तुमच्याच पुन्याला."

आमच्या घरी रोज सकाळी दुधाच्या दोन पिशव्या दाराला लटकवलेल्या असतात. माझी आई त्यावरची साय वेगळी काढून ठेवते.

मी खरवस संपवला. तो फार चांगला झाला होता आणि टाकणं वाईट दिसलं असतं. किसनभाऊंनी आपली बशी हातात धरून वहिनींना शांतपणे म्हटलं, "येक सड तेवढा त्येच्यासाठी सोडत जा. म्हैनाभर." वहिनींनी होकाराची मान हलवली. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पुन्हा गेलो तेव्हा कोपऱ्यात नुसती दोरी होती. गोऱ्हा पहाटेच्या टेम्पोत गेला होता. कुठं, ते आम्ही विचारलं नाही.

लोणी

लोणीकडचा पट्टा कोरडा. बागाईत मागं पडलं, बाभळी सुरू झाल्या. वाटेत एम-एटी पंक्चर झाली आणि ती ढकलताना माझ्या पिशवीतली फॉर्मॅलिनची एक बाटली झिरपली. काकूंनी बांधून दिलेल्या भाकऱ्या आणि माझा एक स्वेटर दोन्ही गेले. डोळ्यांतून पाणी काढत आम्ही दोघं बांधावर बसलो. किसनभाऊ म्हणाले, "आता ह्या भाकरीला धा वर्सं किडा लागायचा न्हाई." त्या प्रवासात आम्ही हसलो ते तेवढंच.

लोणीत एका घरचं वासरू शेवटच्या घटका मोजतंय असा आमचा निरोप होता. पोचलो तर ते उभं होतं. काटकुळं, पण उभं, आणि आईच्या पोटाखाली तोंड घालून ढुशा देत होतं. घरचा म्हातारा म्हणाला, "चार दिस झालं, गाय पिळायचीच बंद केली. समदं त्येलाच. म्हनलं, बगू तरी."

आम्ही पाणी प्यायलो आणि निघालो. थोडं पुढं आल्यावर किसनभाऊंनी विचारलं, "बाई, तुमाला वाईट वाटलं का, वासरू वाचलं म्हनून?"

मी नाही म्हणाले. पण मला वाटलं होतं. त्या उभ्या वासराकडे बघून माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हेच, की आजचा दिवस वाया गेला.

डिंभ्याच्या पाण्यापलीकडे

घोडेगावच्या पुढे रस्ता चढायला लागला की सगळंच बदलतं. ऊस संपतो, हिरड्याची झाडं येतात, भाताची खाचरं पायऱ्यांसारखी उतरत जातात. भात कापून झाला होता आणि खाचरांत नुसती पिवळी धसकटं होती. धरणाचं पाणी दरीदरीत शिरलेलं, त्यातून वाळलेल्या झाडांचे शेंडे वर आलेले. पलीकडच्या वाडीला लाँच होती. लाँचमध्ये एक बाई पदराखाली कोंबडी घेऊन बसली होती. तिनं बोट दाखवून सांगितलं, "आमचं जुनं घर हितं खाली हाय." मी पाण्याकडे बघितलं. काही दिसलं नाही.

आजारी वासराचा निरोप आला होता तो वाडीतल्या हौसाच्या घरून. वय बावीस-तेवीस. नवरा खाली जुन्नरच्या बाजूला कांद्याच्या लावणीला गेलेला, घरात ती आणि सासू. कुडाच्या भिंती, शेणानं सारवलेल्या. त्यांची एकच गावठी गाय, तिचं दूध आटत आलेलं, आणि दोन महिन्यांचं वासरू. त्याला तांदळाची पेज चालू होती. घरातली माणसंही तेच खात होती. पेज, वरईचा भात, नाचणीची भाकरी आणि लाल मिरचीचा ठेचा. आम्हालाही तेच वाढलं, आणि आमच्यासाठी म्हणून भाकरीवर तेलाची धार घातली.

वासरू पडूनच होतं. केस राठ उभे राहिलेले, मागचा भाग हगवणीनं भरलेला, आणि जबड्याखाली पाण्याची पिशवी लटकावी तशी सूज. अंगातली प्रथिनं फार कमी झाली की पाणी असं कुठंही साठतं. मी बोटानं दाबलं. बोटाचा खड्डा तसाच राहिला.

हौसा बाजूला उकिडवी बसून बघत होती. "ही सूज कशाची, ताई?"

मी सांगितलं. नीट सांगितलं, कारण समजावून सांगण्यात मी हुशार आहे असं मला तेव्हा वाटायचं. आतड्याची आतली बाजू सांगितली, ती सारखी नवी होते ते सांगितलं, दुधावाचून ती नवी होत नाही ते सांगितलं.

"म्हंजी सारवन गेल्याली भित," हौसा म्हणाली. "मंग वारं बी शिरनार आन इचू बी."

"अगदी तसंच."

तिनं वासराच्या जबड्याखाली स्वतःचं बोट दाबलं आणि खड्डा भरून येईपर्यंत बघत राहिली. मग म्हणाली, "माज्या पोराच्या पायावर बी आशीच सूज व्हती."

सासू चुलीपाशी होती. ती हातातलं काम थांबवून तशीच बसली.

"आठ म्हैन्यांचा व्हता," हौसा म्हणाली. "आमी दोगं कांद्याला गेलो व्हतो खाली. माजं दूध आटलं व्हतं, म्हनून त्येला आत्याबाईंपाशी ठिवला. आत्याबाई पेज पाजायच्या. आदी सूज आली, मंग हगवन लागली. निरोप आला तवा आमी निगालो, पन लाँच गेली व्हती." तिनं माझ्याकडे बघितलं. "ताई, त्येचं बी ह्या वासरागतच झालं का?"

त्या क्षणी मला सगळं ठाऊक होतं. वासराची आणि माणसाच्या पोराची भिंत सारखीच असते. सूज, हगवण, सगळं सारखं. पण समोर ती होती आणि चुलीपाशी पेज पाजणारी सासू होती. मी सलाइनच्या नळीची गाठ सोडवायला घेतली आणि म्हणाले, "मी जनावरांची डॉक्टर आहे गं. माणसांचं मला नाही सांगता यायचं."

किसनभाऊंनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि मान फिरवली.

वासरू जगणार नाही हे मला दिसत होतं. एका इंजेक्शनने त्याला शांतपणे झोपवता येईल, असं मी हौसाला सांगितलं. त्यात माझीही सोय होती, तेही सांगितलं. ती म्हणाली, "मारू नगा. जायचं आसंल तर त्येचं त्ये जाईल. तुमच्यानं व्हईल त्ये करा."

मग आम्ही दोन दिवस केलं. मी सलाइन लावलं. किसनभाऊंनी शेजारच्या घरून शेळीचं दूध मिळवलं आणि बोट चोखायला देऊन घोट घोट पाजलं. ते वासराशी सारखं काहीतरी पुटपुटत असायचे. हौसा पोत्यानं त्याचं अंग पुसायची. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं मान उचलली, आणि मला नमुन्याची आठवणही झाली नाही. हे मी स्वतःच्या बचावासाठी लिहीत नाही. तेवढा एक दिवस मला खरंच ते वासरू जगायला हवं होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी, उन्हात, किसनभाऊंच्या मांडीवर डोकं असताना ते गेलं. त्यांनी त्याचे डोळे मिटले, डोकं हलकेच गवतावर ठेवलं, उठले आणि खाचरं उतरून पाण्याच्या दिशेनं चालत गेले.

"घ्या आता तुमाला काय घ्यायचं त्ये," हौसा म्हणाली.

मी कात्री काढली. मी काही न सांगता ती समोर बसली आणि तिनं मागचे दोन्ही पाय धरले. मी आतड्याचा तुकडा कापून बशीत उघडला. तो इतका पातळ होता की बशीची निळी नक्षी त्यातून दिसत होती.

हौसा वाकून बघत राहिली. "येवढुसं पातळ," ती म्हणाली. मी बाटली बंद केली, चिठ्ठी लावली, चिठ्ठीवर क्रमांक लिहिला. संध्याकाळच्या लाँचनं आम्ही परत निघालो. सासूनं माझ्या हातात नाचणीच्या पिठाची पुरचुंडी दिली.

पुन्हा तिथंच

माझ्या प्रबंधात सगळ्यात चांगलं छायाचित्र त्याच वासराचं आहे. सूक्ष्मदर्शकाखाली लव जवळजवळ नाहीच, पेशींचा थर जागोजागी फाटलेला, आणि फटीतून आत शिरलेले जंतू ठिपक्यांसारखे स्पष्ट. परीक्षकांनी त्याचं कौतुक केलं. मला नोकरी लागली, लग्न झालं, मुलगी झाली. तिचं वरचं खाणं सुरू केलं तेव्हा पहिल्या दिवशी मी भाताची पेज केली, आणि वाटी हातात घेतल्यावर मला ती भरवता येईना.

सहा वर्षांनी मी पुन्हा निघाले. आधी निमगाव सावाला उतरले. किसनभाऊंचे गुडघे गेले होते, त्यांना डोंगर चढणं शक्य नव्हतं. मी का चालले आहे ते सांगितल्यावर म्हणाले, "त्या दिवशी तुमी खोटं बोलला, बाई. आन मी गप ऱ्हायलो. दोगांचं मिळून सांगून या."

वाडीला आता अर्ध्यापर्यंत जीप जात होती. हौसा अंगणात सुपात नाचणी पाखडत होती. तिनं मला लगेच ओळखलं. चार-पाच वर्षांची एक मुलगी तिच्या पाठीला रेलून उभी होती, गालांवर ऊन आणि धूळ. सासू कुठं दिसेना.

मी पाणी प्यायले आणि वाटेत जुळवलेलं सगळं विसरून एकदम बोलले. "हौसा, तू मला तेव्हा विचारलं होतंस. मला सांगता येत होतं. वासराचं झालं तेच तुझ्या बाळाचं झालं."

"तवाच कळलं व्हतं," ती म्हणाली. सूप हलत राहिलं. "तुमी नळीची गाठ सोडवत बसला तवा. गाठ न्हवतीच त्या नळीला."

मी म्हटलं, त्यात तुझी चूक नव्हती. अंगावरचं दूध आटलं ते तुझ्याच पोटात काही नव्हतं म्हणून. आत्याबाईंचीही चूक नव्हती, घरात जे होतं तेच त्यांनी पाजलं. हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं.

आता सूप थांबलं. "माजं जाऊ द्या, ताई. मी दुसऱ्या बारीला कांद्याला गेलेच न्हाई. शेंगदानं कुटून घातलं, आंडी घातली, जमंल तसं केलं. ही जगली." तिनं मुलीचा हात पाठीवरून पुढे ओढून घेतला. "पन आत्याबाई. तुमी गप बसल्यावर त्या दिसापासनं तिनं पेजंला हात लावला न्हाई. माज्या हातनं पोर गेलं, माज्या हातनं गेलं, येवढंच. गेल्या साली मेली, तवर. तिला कुनी ह्ये सांगितलं आसतं, तर बरं झालं आसतं."

खाली पाण्यावर लाँचचा आवाज येत होता, जवळ येत होता. हौसानं मला भाकरी खाऊन जायला सांगितलं. मी बसले. तिनं पानात वरईचा भात वाढला आणि वर एक उकडलेलं अंडं ठेवलं. मुलगी माझ्या पानाकडे बघत होती, म्हणून अर्धं तिला दिलं.

निघताना मी विचारलं, "बाळाचं नाव काय ठेवलं होतंस?"

तिनं मुलीच्या गालावरची धूळ पदरानं पुसली.

"सोमा," ती म्हणाली, आणि सूप पुन्हा हातात घेतलं.